सकाळचं माप

निळ्या फाइलीत एकूण एकतीस कागद होते. रक्ताचे तपास बारा. त्यांत संधिवाताच्या घटकाचे चार, आणि चारही निगेटिव्ह. एक्स-रेचे अहवाल तीन, तिन्हींवर ‘हाडं ठीक’. औषधांच्या चिठ्ठ्या अकरा; त्यांत कॅल्शियम सात वेळा, ड जीवनसत्त्व सहा वेळा आणि झोपेची गोळी दोन वेळा. सोनोग्राफी एक, दुपारी दीड वाजता काढलेली. बोटांच्या व्यायामाची आकृती एक. मावससासूनं लिहून दिलेली निर्गुडीच्या तेलाची कृती एक. उरलेले दोन कागद कोरे होते, चुकून लागलेले. साडेचार वर्षांत साठलेल्या या एकतीस कागदांपैकी एकावरही आजाराचं नाव नव्हतं.

वृषाली अंदुरेनं ते दोनदा मोजले, कारण बाकावर बसून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शिरसपेठच्या रुग्णालयात त्या मंगळवारी ‘संधी’ नावाच्या प्रकल्पाचं टेबल लागलं होतं. सांधे दुखतात पण तपासात काही सापडत नाही, अशांनी यावं, असा निरोप आशाताईंनी घरोघर दिला होता. निरोप ऐकून वृषालीचे वडील बापू म्हणाले होते, “नाव झकास ठेवलंय. सांध्याला पण संधी आणि नशिबाला पण संधी. जा, मिळाली तर मिळाली.”

टेबलामागे आफरीन मुलाणी बसली होती. वय चोवीस, जैववैद्यकीची पदवी घेऊन दोनच वर्षं झालेली. तिनं फाइल उघडली आणि कागदांवरच्या निकालांआधी त्यांवरच्या वेळा वाचल्या. हे आजवर कुणी केलं नव्हतं.

“ताई, सकाळी काय होतं?”

“मूठ वळत नाही. ब्रश धरवत नाही. नळ मनगटानं उघडते. दोन तास तसं चालतं, मग हळूहळू सुटतं.”

“आणि आत्ता?”

वृषालीनं मूठ वळून दाखवली. दुपारचा एक वाजला होता. मूठ जवळजवळ पूर्ण वळली.

“डॉक्टरांकडे नेहमी दुपारीच गेलात?”

“सकाळी बसचा दांडा धरायला हात लागतो ना, मॅडम. हात सुटला की मग निघायचं. पोचेपर्यंत बारा होतात. डॉक्टर म्हणतात दाखवा कुठे सूज आहे, आणि तोवर ती घरी गेलेली असते.”

आफरीन हसली, आणि कागदाची रिकामी बाजू पुढे ओढून एक लाट काढली. एका दिवसाची लाट. पहाटे उंच, दुपारी खाली.

सांध्यांची आग अशी घड्याळावर चालते, तिनं सांगितलं. शरीराच्या रक्षक पेशी काही कारणानं स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर धावून जातात, आणि एकमेकांना बोलवायला सायटोकाईन नावाचे रेणू सोडतात. या रेणूंची भरती रात्री तीन-चारच्या सुमारास असते. पहाटे शरीर कॉर्टिसॉल सोडतं. ते शरीराचं स्वतःचं सूज उतरवणारं औषध. ते कामाला लागून सांध्यात साठलेलं पाणी ओसरेपर्यंत नऊ-दहा वाजतात. ज्यांच्या रक्तात संधिवाताचा घटक सापडतो, त्यांचं निदान कोणत्याही वेळी होतं. पण चार-पाच जणांतल्या एकाच्या रक्तात तो नसतोच. अशा माणसाची सूज डोळ्यांनी किंवा यंत्रानं पाहावी लागते, आणि बाह्यरुग्ण विभाग उघडतो तेव्हा पाणी उतरलेलं असतं.

“म्हणून आम्ही माणसाला यंत्राकडे बोलवत नाही. यंत्र घरी पाठवतो,” आफरीन म्हणाली आणि तिनं एक छोटी डबी उघडली.

डबीत मऊ, राखाडी रंगाची कडी होती. प्रकल्पाच्या पुस्तिकेत तिला लांबलचक नाव होतं, पण गावागावांतल्या बायकांनी तिचं नाव ‘वेढं’ करून टाकलं होतं. हे वेढं बोटाच्या मधल्या सांध्यावर बसायचं. आत तीन वस्तू. एक ताण मोजणारी तार, तिला सांध्याचा घेर मिलिमीटरच्या विसाव्या भागापर्यंत कळायचा. एक तापमापक. आणि कातडीतून आत जाणारा, डोळ्यांना न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश; तो अस्तरातलं रक्त मोजायचा. दर दहा मिनिटांनी एक नोंद. दोन माणसांची बोटं सारखी नसतात, म्हणून वेढ्याला ज्याचं त्याचं शून्य लागायचं. पहिल्यांदा घातलं की दहा मिनिटं हात स्थिर ठेवायचा. त्या दहा मिनिटांतला घेर, ऊब आणि रक्त हे शून्य. पुढचं सगळं त्याच्या वर किंवा खाली.

“एकवीस दिवस घालायचं. त्यातल्या दहा सकाळी घेर शून्याच्या दीड मिलिमीटर वर गेला, तर तुम्ही उपचाराच्या गटात. नाही गेला, तर—” आफरीननं फाइलीकडे पाहिलं. “तर बत्तिसावा कागद.”

तिनं डब्यांतून नऊ नंबरचं वेढं काढून वृषालीच्या उजव्या मधल्या बोटावर सरकवलं. ते सहज बसलं. वृषालीनं ते फिरवून पाहिलं, अंगठ्यानं दाबलं, आणि काढून परत दिलं.

“हे नाही चालणार. सकाळी रुतेल. अकरा नंबर द्या.”

“आत्ता तर बरोबर बसलं.”

“मॅडम, आमचं बांगड्यांचं दुकान आहे. चार पिढ्यांचं.”

आफरीननं हात जोडले. “मग मापाच्या बाबतीत मी काय बोलणार. घ्या अकरा.”

“आणि घालते उद्या सकाळी उठल्या-उठल्या. हात खरा असतो तेव्हा.”

आफरीननं मान हलवली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

अंदुऱ्यांचं दुकान पेठेच्या वळणावर होतं, खाली काचेची कपाटं आणि वर घर. बापू सत्तरीला आले होते. हात नुसता लांबून पाहून ते माप सांगायचे: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर एका इंचाच्या सोळा भागांतले चार. एकुलत्या एक मुलीला त्यांनी हीच विद्या दिली होती, आणि तिच्या लग्नानंतर जावई हर्षद वरच्या मजल्यावर राहायला आला होता. तो सौर पंप दुरुस्त करायचा आणि स्वतःची ओळख ‘कासारांचा भाडेकरू’ अशी करून द्यायचा.

रोजच्या बांगड्या आता चुंबकाच्या कडीनं उघडत-मिटत. त्या भरायला कासार लागत नाही. कासार लागायचा तो लग्नाच्या चुड्याला. अखंड काचेची बांगडी नवरीच्या हातात चढवायची, तर तिच्या हाताची हाडं आपल्या बोटांनी एकावर एक आणावी लागतात, आणि ते काम करणारं दुकान चाळीस कोसांत हे एकच उरलं होतं. अडचण एवढीच, की चुडा सकाळी भरतात. बापूंच्या बोटांना कंप सुटल्यापासून सगळं वृषालीवर होतं, आणि गेल्या हंगामात तिनं दोन लग्नं परत पाठवली होती. डिसेंबरात जगतापांच्या ऋजुताचं लग्न होतं. जगतापांच्या घरातल्या सगळ्या मुलींचे चुडे अंदुऱ्यांनीच भरले होते. तिनं त्यांना अजून हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. तेही परत पाठवलं, तर दुकानात चुंबकाच्या कड्या विकत बसण्यापलीकडे काही उरणार नव्हतं. त्या विकायला चार पिढ्या लागत नाहीत, असं बापू म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वृषालीनं वेढं घातलं. अकरा नंबर नेमका बसला, ना सैल ना घट्ट. दहा मिनिटं तिनं हात उशीवर ठेवला.

“बरोबर केलंस,” बापू म्हणाले. “माप कधी घ्यावं?”

“हात फुगलेला असेल तेव्हा,” ती लहानपणापासूनचा धडा म्हणाली.

“का?”

“मोकळ्या हाताचं घेतलं तर आज जाईल आणि उद्या रुतेल.”

पहिल्या सकाळी फोनवर हिरवा ठिपका आला. दुसऱ्या सकाळीही हिरवा. दुपारी फोन पाहिला तर करडा ठिपका असायचा आणि खाली ओळ असायची: ‘वेढं सैल आहे. नोंद धरलेली नाही.’ संध्याकाळी करडा, सकाळी पुन्हा हिरवा. पाचव्या दिवशी वृषालीनं फोन पालथा ठेवायला सुरुवात केली.

पण नोंद घरातल्या दोन फोनवर जायची. पुस्तिकेत तशीच सूचना होती, घरच्यांचा आधार म्हणून. साडेतीन वर्षं हर्षद रोज सकाळी कणीक मळत होता. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. एके दिवशी परातीसमोर ती नुसती उभी राहिलेली त्यानं पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी परात त्याच्याकडे गेली, एवढंच. आता सातव्या दिवशी त्यानं चहा घेता घेता फोन पाहिला.

“आज हिरवं आहे की.”

“हं.”

“बरं वाटतंय म्हणजे.”

वृषालीनं काय सांगावं? बोटं दुखत होती, रोजच्याइतकीच. पण प्रकाश आणि तार आणि तापमापक दर दहा मिनिटांनी नाही म्हणत होते, आणि ती विज्ञान शाखेची बारावी होती. यंत्राला खोटं ठरवायला तिच्याकडे दुखण्याखेरीज पुरावा नव्हता. ती म्हणाली, “असेल.”

त्या दिवशी हर्षद लवकर पंपावर गेला. परात ओट्यावर तशीच राहिली. वृषालीनं कणीक मळली, मनगटांनी आणि कोपरांनी, पाऊण तास लावून. पोळ्या नकाशासारख्या झाल्या. बापूंनी दोन खाल्ल्या आणि काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना कळलं होतं.

दहाव्या दिवशी ती बापूंना म्हणाली, “मला खरंच काही झालं नसेल तर?”

“म्हणजे?”

“मनाचं असेल. दोन डॉक्टर तसंच म्हणाले होते.”

“मनाला सकाळी सहा ते आठ हीच वेळ बरी सापडली,” बापू म्हणाले. “आयुष्यभर हिरवं विकलं मी, वृषे. असं फसवं हिरवं पाहिलं नाही.”

“यंत्र कशाला फसवेल?”

“ते मला काय माहीत. मी दहावी नापास.”

सतराव्या दिवशी, दुपारी साडेचारला, एक म्हातारी गिऱ्हाईक आली. तिच्या सुनेला बांगड्या हव्या होत्या आणि सून बरोबर नव्हती. “माझ्याएवढाच हात आहे तिचा,” म्हातारी म्हणाली. वृषालीनं कपाटातला डबा काढायला हात वर केला, तसं बोटातलं वेढं घसरून कोपऱ्यात पडलं आणि गडगडत बापूंच्या पायाशी गेलं.

म्हातारी गेल्यावर बापूंनी वेढं उचललं, चष्मा वर करून पाहिलं.

“हे सकाळी असं पडतं?”

“नाही. सकाळी नीट बसतं.”

“नीट म्हणजे? घट्ट?”

“घट्ट नाही. मापाचं.”

“मग आत्ता तुझ्या बोटाला काय झालं?”

“आत्ता बोट उतरलंय, बापू. रोजच उतरतं.”

बापूंनी कपाटातून दोन जुन्या काचेच्या बांगड्या काढल्या, एक दोन-चारची आणि एक दोन-सहाची, आणि तिच्यापुढे ठेवल्या. “घाल.”

दोन-चारची बांगडी हातात सहज गेली.

“सकाळी ही जाते?”

“सकाळी दोन-सहासुद्धा अडते—” वृषाली बोलता बोलता थांबली. तिनं बांगडी काढली, वेढं घेतलं, बोटावर घातलं आणि एका बोटानं त्याला टिचकी दिली. ते गरगर फिरलं. ती उभीच होती, मग खुर्ची ओढून बसली.

“काय गं?”

“बापू, मी शून्य सकाळी मांडलं.”

“मग?”

“यंत्राला वाटतंय फुगलेला हात हाच माझा हात. सकाळी ते पाहतं आणि म्हणतं, आहे तसाच आहे. दुपारी बोट उतरतं तेव्हा म्हणतं, वेढं सैल आहे.” ती हसायला लागली. “मी कासारासारखं माप घेतलं. इथे उलटं घ्यायचं होतं.”

बापूंनी चष्मा खाली घेतला. “म्हणजे चूक माझी.”

“तुमच्या पणजोबांची.”

“त्यांच्यावर घाल. ते येत नाहीत भांडायला.”

दुसऱ्या दिवशी आफरीनची फेरी नव्हती. वृषालीनं तिला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ फक्त कळा दाबल्याचा आवाज आला.

“ताई,” शेवटी आफरीन म्हणाली, “न धरलेल्या नोंदी यंत्र पुसत नाही, बाजूला ठेवतं. मी त्या उघडल्यात. सैल वेढ्यानं दाखवलेला घेर विश्वासाचा नाही, तो सोडून देऊ. पण ते किती वाजता सैल झालं, ही वेळ विश्वासाची आहे. सतरा दिवस. सगळ्यात लवकर आठ चाळीसला, सगळ्यात उशिरा नऊ पंचवीसला. आणि पहाटे साडेतीन ते चारच्या मधे ते परत बसतंय. रोज. मी याला वापरणाऱ्याची चूक समजत होते. मीच तुम्हाला अकरा नंबर दिला. मी विचारायला हवं होतं की सकाळी का रुतेल.”

“मीही सांगायला हवं होतं.”

“तुम्ही सांगितलं होतं,” आफरीन म्हणाली. “पहिल्याच वाक्यात.”

तिनं प्रकल्पाच्या प्रमुखांना लगेच पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर दुपारी दोनला आलं, तीन ओळींचं. मुदत वाढणार नाही. नऊ नंबरचं वेढं घेऊन नवं शून्य आजच दुपारी साडेचारला मांडावं. उरलेल्या तीन सकाळी घेर दीड मिलिमीटरच्या वर गेला, आणि चढ-उताराच्या वेळा जुन्या सतरा दिवसांशी जुळल्या, तर जुन्या सकाळी धरल्या जातील. तीनपैकी एक सकाळ जरी हुकली, तरी नाही.

नऊ नंबरचं वेढं घेऊन आफरीन स्वतः स्कूटरवर आली. दुकानातल्या खुर्चीत बसून, काउंटरवर हात ठेवून, वृषालीनं दहा मिनिटं शून्य मांडलं. बापूंनी तेवढा वेळ गिऱ्हाइकांना दारातच थोपवलं. “आत माप चाललंय,” ते सांगत होते. “हलवू नका.”

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सहाला वेढं इतकं रुतलं होतं की बोटाचं टोक जांभळं दिसत होतं. वृषालीनं फोन उलटा करून हर्षदसमोर सरकवला. “तुम्ही बघा.”

हर्षदनं पाहिलं. ठिपका लाल होता. खाली आकडे होते: घेर, अधिक दोन पूर्णांक तीन मिलिमीटर. ऊब, अधिक एक पूर्णांक एक अंश. तो आकड्यांकडे पाहत राहिला, मग तिच्या बोटाकडे.

“हे असं रोज होतं?”

“साडेचार वर्षं.”

“गेले बारा दिवस पण?”

तिनं मान डोलावली.

“मी परात सोडली,” हर्षद म्हणाला. “हिरवं दिसलं म्हणून. तुला विचारायला पाहिजे होतं ना मी.”

“विचारलंत. मीच म्हटलं, असेल.”

“तू असेल म्हणालीस तेव्हा तोंड बघितलं असतं तर कळलं असतं. मी फोन बघत होतो.” तो उठला, ओट्याकडे गेला आणि पिठाचा डबा खाली घेतला. “त्या पोळ्या काय भयंकर झाल्या होत्या.”

“मग बोलायचं की.”

“जावई आहे. सासऱ्यासमोर कसं बोलणार?”

आतल्या खोलीतून बापू म्हणाले, “सासऱ्यानं पण खाल्ल्यात.”

विसाव्या दिवशी दोन पूर्णांक एक. एकविसाव्या दिवशी पावणेदोन. त्या सकाळी वृषाली आकडा येईपर्यंत श्वास धरून बसली होती, आणि दुखणं जास्त असावं अशी इच्छा आयुष्यात पहिल्यांदाच करत होती. चढ-उताराच्या वेळा सतरा दिवसांशी जुळल्या. पुढच्या मंगळवारी रुग्णालयात पहाटेच बोलावून, साडेसहा वाजता सोनोग्राफी झाली. पडद्यावर सांध्याच्या अस्तरात लाल-निळ्या ठिणग्या दिसत होत्या. ते आत धावणारं रक्त. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: रक्तघटक-निगेटिव्ह दाहक संधिवात. वृषालीनं तो कागद तीनदा वाचला. वाईट बातमी वाचून माणसाला इतकं बरं वाटू शकतं, याचं तिला नवल वाटलं, आणि घरी येताना तिनं पेढे घेतले.

“आजाराचे पेढे?” शेजारच्या शिंपीणकाकूंनी विचारलं.

“बारशाचे,” बापू म्हणाले. “साडेचार वर्षांचं झालं, आता नाव ठेवलं.”

उपचाराचे दोन भाग होते. एक जुनी, ठाऊक असलेली गोळी, आठवड्यातून एकदा आणि नेहमीच्या निम्म्या मात्रेत. दुसरा भाग नवा. मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब मज्जातंतू उतरतो, व्हेगस. हृदयाची गती आणि पचन तो सांभाळतोच, पण प्लीहेतल्या रक्षक पेशींना ‘आता पुरे’ असा निरोपही त्याच्याच वाटेनं जातो. त्याची एक बारीक फांदी कानाच्या खळग्यात येते. तिथे बसणारी एक चिमटी रात्री झोपताना लावायची. रेणूंची भरती सुरू होते तेव्हा बोट आधी उबदार होतं, आणि घेर वाढण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं वेढ्याला ते कळतं. वेढ्यानं चिमटीला खूण द्यायची, चिमटीनं दोन मिनिटं बारीक स्पंदनं द्यायची. माणूस झोपलेलाच. पूर्वी असली यंत्रं ठरावीक वेळी चालत आणि निम्म्या लोकांना उपयोग होत नसे. प्रत्येकाची भरती आपापल्या वेळेला येते, हे वेढ्यामुळे कळलं.

पहिले चार आठवडे काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात एका सकाळी वृषालीनं दात घासले, चूळ भरली, आणि मग तिच्या लक्षात आलं की नळ तिनं बोटांनी उघडला होता. तिनं तो बंद केला आणि पुन्हा उघडला.

प्रकल्पाच्या वहीत रोज एकच आकडा लिहायचा होता: उठल्यापासून मूठ पूर्ण वळेपर्यंतची मिनिटं. पहिल्या आठवड्याची सरासरी एकशे बावीस होती. सहाव्या आठवड्यात ब्याऐंशी. आठव्यात पन्नास. नवव्यात पुन्हा सत्तरवर गेली, कारण दिवाळीच्या कामात गोळी चुकली होती. दहाव्यात एकेचाळीस. आता कणकेवरून भांडण व्हायला लागलं. वृषालीला परात परत हवी होती आणि हर्षद सोडत नव्हता. “माझा हात बसलाय त्यावर,” तो म्हणायचा. “तुझ्या पोळ्या खाऊन पाहिल्यात आम्ही.” शेवटी सोमवार ते गुरुवार तिचे ठरले.

बाराव्या आठवड्यात ती जगतापांकडे गेली. ऋजुताचा हात तिनं सकाळी सातला हातात घेऊन पाहिला, आणि पुन्हा संध्याकाळी जाऊन पाहिला.

“दोनदा का?” ऋजुतानं विचारलं.

“दोन्ही मापं माहीत असलेली बरी,” वृषाली म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

लग्नाच्या दिवशी चुडा भरायची वेळ सकाळी पावणेसातची ठरली. वृषाली पाच पन्नासला उठली. मूठ वळायला तेवीस मिनिटं लागली. जगतापांच्या माजघरात चटईवर तिनं डबा उघडला तेव्हा सहा चाळीस झाले होते. बापू भिंतीशी खुर्चीवर बसले, हातात हर्षदचा फोन घड्याळासाठी.

ऋजुताची मोठी आत्या जवळ सरकली. “कानात काय लावलंय गं?”

“काढायची राहिली,” वृषाली म्हणाली आणि चिमटी पदराला अडकवली.

“हात बरा आहे ना तुझा? वैशाखात नाही म्हणाली होतीस आमच्या नणंदेला. नवरीला दुखवू नको म्हणजे झालं.”

“आत्याबाई,” बापू म्हणाले, “भरू द्या. मग बोला.”

ऋजुताचा हात गार आणि ताठ होता. वृषालीनं तो आपल्या दोन्ही हातांत घेऊन जरा वेळ नुसता धरला, मग अंगठ्याखालचा मांसल भाग दाबला. “सैल सोड. नवऱ्याला काय वाटेल त्याचा विचार करू नकोस, माझ्याकडे बघ.” पोरगी हसली आणि हात सैल पडला. पहिली बांगडी चढली. वृषालीच्या मधल्या बोटात एक कळ आली, ओळखीची, पण लहान. ती बोटातच राहिली, वर गेली नाही. दुसरी चढली. तिसरी. उजव्या हाताच्या दहा झाल्या. डाव्या हाताला सातवी बांगडी सांध्यावर आडवी आली आणि कट्कन आवाज झाला.

“फुटली,” आत्या म्हणाली.

“वाढली म्हणावं,” बापू म्हणाले. “चुड्यातली बांगडी फुटत नाही.”

वृषालीनं तुकडे रुमालात गोळा केले, ऋजुताच्या मनगटाला काच लागली नाही ना ते पाहिलं, आणि त्याच मापाची दुसरी घेतली. ही चढली. मग आठवी, नववी, दहावी. अकरावी चढवून तिनं नवरीचा हात हलवला, आणि बांगड्या एकमेकींवर आदळून वाजल्या. आत्या पुढे वाकून दोन्ही मनगटं निरखत राहिली. मग तिनं तबकातलं हळदकुंकू उचललं आणि आधी वृषालीला लावलं.

वृषालीनं बापूंकडे पाहिलं. बापूंनी फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचलं.

एकवीस बांगड्या, एकोणीस मिनिटं, वाढलेली एक.